म्हणे, बॅटरी तापणारच!

"साहेब, बॅटरी आहे, तापणारच." मुंबईत शीवमध्ये हे वाक्य कुठेही ऐकायला मिळतं. लिफ्टच्या देखभालीचा ठेका घेतलेला माणूस ते म्हणतो, इन्व्हर्टर बसवून देणारा म्हणतो, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात आणि लसींच्या फ्रिजमागे यूपीएस कोंबून ठेवलेले डॉक्टरही म्हणतात. डॉक्टरांनी म्हणावं याचं मला विशेष वाटतं. लोकमान्य टिळक रुग्णालयात तापाने फणफणलेला पेशंट आणला तर 'माणूस आहे, तापणारच' असं सांगून त्याला कोणी घरी पाठवतं का? तिथे रक्त तपासतात, छाती तपासतात, मलेरिया की डेंग्यू ते बघतात. बॅटरीच्या वाट्याला मात्र एक हात लावून बघणं येतं आणि वर तत्त्वज्ञान.

या मंडळींची बाजू आधी नीट मांडतो, नाहीतर मी सोयीपुरती मोडतोड केली असं व्हायचं. त्यांचं म्हणणं असं: बॅटरीत रसायनं आहेत, वीज भरली की आणि काढली की उष्णता निघतेच. त्यात मुंबईची हवा ही अशी. दोन वर्षांनी बॅटरी जायचीच, तो तिचा धर्म आहे. फुगली की बदलायची, जुनी एक्स्चेंजमध्ये द्यायची, चार पैसे सुटतात. कारण शोधत बसण्यात मेकॅनिकचा तास जातो, त्या तासाचे पैसे कोण देणार? आणि मुळात मुंबईत लाईट जातेच कुठे? वर्षातून एखाद-दोनदा, तीही दहा मिनिटं. तेवढ्यासाठी एवढं डोकं कशाला लावायचं?

ऐकायला मोठं व्यवहारी वाटतं. यातलं पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे. बाकीची बहुतेक तेवढीही नाहीत.

बॅटरी तापते, पण किती आणि केव्हा, याला माप आहे. घरातल्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी दोन तास पंखे-दिवे ओढून उतरली आणि लाईट आल्यावर चार्जिंगला लागली, तर तिचं अंग कोमट लागेल. तेवढं मान्य. पुरती भरल्यावर काही तासांत ती निवायला हवी. पण तक्रार येते ती या बॅटरीची नव्हेच. तक्रार येते ती जिन्याखालच्या कपाटात, गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये किंवा दवाखान्याच्या काउंटरखाली वर्षभर नुसत्या बसून असलेल्या एसएमएफ, म्हणजे सीलबंद 'मेंटेनन्स फ्री' बॅटरीची. महिनाभर लाईट गेलेली नाही, तिने कुणाला एक वॉट दिलेला नाही, ती काठोकाठ भरलेली आहे. अशा बॅटरीला भरलेलं राहण्यापुरता जो प्रवाह लागतो तो मिलिअँपिअरच्या घरातला असतो. त्यातून निघणारी उष्णता जवळजवळ शून्य. तिचं अंग आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी गरम असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर ही उष्णता आली कुठून? काहीच काम न करणारी वस्तू तापते म्हणजे तिच्यात कोणीतरी नको तेवढी वीज ओततंय. तो कोणीतरी कोण, एवढाच प्रश्न आहे. तो न विचारता 'तापणारच' म्हणून मोकळं व्हायचं, ही कसली व्यवहारबुद्धी?

हे तापणं एका जागी थांबतही नाही. एसएमएफ बॅटरीत चार्जिंगच्या वेळी धन पट्टीवर ऑक्सिजन तयार होतो, काचतंतूंच्या चटईतून तो ऋण पट्टीकडे सरकतो आणि तिथे त्याचं पुन्हा पाणी होतं. म्हणून तर तिच्यात पाणी टाकावं लागत नाही. पण पाणी होताना उष्णता सुटते. बॅटरी तापली की त्याच व्होल्टेजला जास्त प्रवाह ओढते, जास्त प्रवाहाने आणखी तापते, आणखी ओढते. तंत्रज्ञ याला थर्मल रनअवे म्हणतात. आधी पेटीचं प्लास्टिक मऊ होऊन पोट सुटतं, मग झडप उघडते, वाफ आणि वायू बाहेर पडतात, आणि सडक्या अंड्यासारखा वास जिन्यात पसरतो. 'मेंटेनन्स फ्री' या शिक्क्याचा अर्थ पाणी टाकायला नको, एवढाच. तिच्याकडे बघायलाही नको, असं कोणत्याही कंपनीने पेटीवर छापलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आता त्यांचा हुकमी एक्का: मुंबईत लाईट जाते कुठे?

कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत बेस्टची वीज. शीव ओलांडलं की उपनगरं आणि दुसरा पुरवठादार. बेस्टच्या हद्दीत वीज क्वचित जाते हे खरं आहे आणि त्याचा मलाही अभिमान आहे. पण १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार इतक्यात विसरलात? सकाळी दहाच्या सुमारास पडघा-कळवा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवरून सुरू झालेल्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस होते, इस्पितळं भरलेली होती. बाहेरचं ग्रीड कोसळलं तरी मुंबईला स्वतःच्या विजेवर तगवून धरण्यासाठी असलेली आयलँडिंगची व्यवस्थाही त्या दिवशी टिकली नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये हे चिनी हॅकरांचं काम की माणसाची चूक, यावर राज्याचे गृहमंत्री एक बोलले आणि केंद्राचे ऊर्जामंत्री दुसरं. वर्तमानपत्रांत चीनवर रकाने भरले. आपल्याच जिन्याखाली काय शिजतंय हे बघायला मात्र कोणी वाकलं नाही. मग २७ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी सकाळी दक्षिण आणि मध्य मुंबईचा मोठा भाग पुन्हा बंद पडला, त्यात शीवही आलं.

आणि 'दहाच मिनिटं' म्हणता ती कोणाची? शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूध बँक उभी केली. आईचं दूध गोठवून, साठवून कमी वजनाच्या बाळांना द्यायचं, असं ते काम. एवढ्या मोठ्या रुग्णालयाच्या आसपास डायलिसिस सेंटरं, पॅथॉलॉजी लॅब, छोटी प्रसूतिगृहं दाटीने वसणारच. डायलिसिसच्या मशीनमधली स्वतःची बॅटरी रक्ताचा पंप पंधरा-वीस मिनिटं फिरता ठेवते, तेवढ्यात बाहेरचा आधार मिळावा लागतो. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या आजींना लिफ्टचं एआरडी जवळच्या मजल्याला आणून दार उघडतं, ते चार-पाच छोट्या बॅटऱ्यांच्या जोरावर. त्या बॅटऱ्या फुगलेल्या असतील तर आजींना दहा मिनिटं किती लांब वाटतात ते सेक्रेटरींनी एकदा आत उभं राहून मोजावं.

पण चला, वादासाठी मानू की लाईट जातच नाही. त्याने बॅटरीचं भलं होतं की वाटोळं? इथे ही मंडळी साफ उलटी चालतात. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या गावोगावी तासन् तास भारनियमन असायचं. तिथल्या इन्व्हर्टरची बॅटरी रोज उतरायची, रोज भरायची. ती वापराने झिजायची, आणि झिजते आहे हे घरच्यांना कळायचंही, कारण पंखा आधी तीन तास चालायचा, मग दोन, मग एक. शीवमधल्या बॅटरीला वापरच नाही. ती वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे २४ तास चार्जरला बांधलेली. ती काम करून मरत नाही, चार्जिंगने मरते. मेल्याचंही कुणाला कळत नाही, कारण तिच्याकडे काही मागायची वेळच येत नाही. ज्या दिवशी मागाल त्याच दिवशी कळणार. म्हणजे जिथे लाईट जात नाही तिथेच चार्जिंगवर सर्वांत बारीक नजर हवी, आणि तिथेच ती अजिबात नाही. अशा बॅटरीने जिवंतपणी दिलेली एकच खूण असते: अंग तापणं. ती खूणही आपण हवेच्या नावावर खपवतो.

यावर मेकॅनिकचं ठेवणीतलं उत्तर तयार असतं. तो मल्टीमीटर लावतो, काटेकोर चेहऱ्याने आकडा वाचतो आणि म्हणतो, "१३.६ आहे साहेब, चार्जिंग एकदम बरोबर." सेक्रेटरींची खात्री पटते. मीटर खोटं बोलतं का कधी?

मीटर खरंच बोलतं. वाचणारा अर्धं वाचतो. १२ व्होल्टच्या एसएमएफ बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेलला सतत चार्जिंगसाठी २.२५ ते २.३० व्होल्ट, म्हणजे पूर्ण बॅटरीला १३.५ ते १३.८ व्होल्ट द्यावेत, असं कंपन्यांच्या कागदावर असतं. त्याच ओळीत पुढे '२५ अंश सेल्सिअसला' असंही असतं. शीवमधली अशी मशीनरूम मला दाखवा जिथे मे महिन्यात २५ अंश आहेत. गच्चीवर पत्र्याच्या किंवा पातळ स्लॅबच्या खाली, एका बाजूला लिफ्टची मोटर, दुसऱ्या बाजूला कंट्रोल पॅनेल, खिडकी कबुतरांच्या भीतीने पक्की बंद. तिथे दुपारी ४० अंश हा आकडा मी फार संयमाने लिहितो आहे. तापमान एका अंशाने वाढलं की दर सेलमागे साधारण तीन मिलिव्होल्ट कमी द्यायचे असतात. १५ अंश जास्त म्हणजे सेलमागे ४५ मिलिव्होल्ट, सहा सेलचे मिळून सुमारे पाव व्होल्ट. याचा अर्थ त्या खोलीत बरोबर आकडा १३.६ नाहीच, १३.३ च्या आसपास आहे. चांगल्या यूपीएसमध्ये बॅटरीला चिकटवायचा तापमानाचा सेन्सर येतो, तो हे आपोआप सांभाळतो. आणि तो सेन्सर असतो कुठे? बसवताना वायर पुरली नाही म्हणून पिशवीतच, मॅन्युअलसोबत, सेक्रेटरींच्या कपाटात.

"पाव व्होल्टने काय होतंय?" हा पुढचा प्रश्न. पाव व्होल्ट मोटारीच्या बॅटरीला काही करत नाही, कारण मोटार रात्री उभी असते. इथे तो पाव व्होल्ट रात्रंदिवस, वर्षानुवर्षं बॅटरीवर बसलेला असतो, आणि तोही आधीच तापलेल्या बॅटरीवर. शिसं-आम्लाच्या बॅटरीचा ढोबळ नियम असा की तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं होतं. २५ अंशांना पाच वर्षं टिकावी अशी बॅटरी ३५ अंशांना अडीच वर्षं टिकते आणि ४५ अंशांना सव्वा वर्ष. आता 'दोन वर्षांनी जायचीच' हा तिचा धर्म कुठून आला ते दिसतं का? तो तुमच्या मशीनरूमचा धर्म आहे. पाच वर्षांच्या बॅटरीचे पैसे मोजून दोन वर्षांची बॅटरी वापरायची आणि वर त्याला निसर्गनियम म्हणायचं, याला व्यवहार म्हणणाऱ्यांच्या हाती सोसायटीचा जमाखर्च असतो हे बघून भीती वाटते.

सगळ्यात जास्त चीड येते ती 'फुगली की बदला' या शहाणपणाची. कारण यात आळसाला खर्चाची जोड आहे, आणि तो खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

एक साधा यूपीएस घ्या, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेला. बारा सेल, चार्जर देतो २७ व्होल्ट, प्रत्येक सेलला २.२५. समजा पहिल्या बॅटरीतला एक सेल आतून शॉर्ट झाला. चार्जरला त्याचा पत्ता नाही, तो इमानदारीने २७ व्होल्टच देतो. आता ते अकरा सेलमध्ये वाटले जातात, प्रत्येकाला सुमारे २.४५. एवढं व्होल्टेज बॅटरी लवकर भरायची असेल तेव्हा काही तासांपुरतं देतात. इथे ते महिनोन् महिने चालू राहतं. तापतात दोन्ही बॅटऱ्या. मेकॅनिक येतो, दोन्हींवर मिळून मीटर लावतो, २७ दिसतात, "चार्जिंग बरोबर". मग हात लावून बघतो, जी जास्त गरम आणि जास्त फुगलेली ती काढतो, नवीन बसवतो. काढलेली बॅटरी धडधाकट असू शकते आणि शॉर्ट झालेली तिथेच राहू शकते. तसं झालं तर नव्या कोऱ्या बॅटरीवर पहिल्या दिवसापासून १४.७ व्होल्ट बसतात. पाच-सहा महिन्यांत ती फुगते. मग मेकॅनिक काय म्हणतो? "हल्ली माल चांगला येत नाही साहेब." सेक्रेटरी मान डोलावतात. दोष कंपनीचा, हवेचा, नशिबाचा, फक्त न मोजणाऱ्याचा नाही.

आणि हे शोधायला लागतं काय? प्रत्येक बॅटरीवर वेगळं मीटर लावणं. एकीवर १२.३ आणि दुसरीवर १४.७ दिसले की गुन्हेगार सापडला. दोन मिनिटांचं काम! ज्या तासाच्या पैशांची एवढी काळजी होती तो तास हा.

सगळ्या बॅटऱ्या सारख्याच तापत असतील तर बॅटऱ्यांना हात लावायचंच कारण नाही. तेव्हा संशय चार्जरवर किंवा खोलीवर. चार्जरचं व्होल्टेज सेटिंगच चुकीचं असू शकतं. पूर्वी ट्युब्युलर बॅटरी होती, नंतर एसएमएफ बसवली आणि मागचा छोटा स्विच जुन्याच जागी राहिला, हा तर नेहमीचा प्रकार. ट्युब्युलरला चालणारं जास्त व्होल्टेज एसएमएफला शिजवतं. चार्जरमधले कपॅसिटर जुने झाले की सरळ विजेसोबत थरथरणारी एसीही बॅटरीत जाते आणि बॅटरी दिवसरात्र बारीक बारीक भरत-उतरत राहते. मल्टीमीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावला की ते दिसतं. चार्जिंगच्या व्होल्टेजच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त आलं तर चार्जर उघडायला हवा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत अजूनही अँपिअरमध्ये प्रवाह जातो आहे का, हे डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने कळतं. बहुतेकांच्या पट्ट्याला लटकलेला क्लॅम्प फक्त एसी मोजतो, हे ते स्वतःहून सांगत नाहीत, आपण विचारावं.

तिसरी शक्यता अशी की बॅटरी तापतच नाही, तापतो तो बोल्ट. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर ८०० वॉटचा लोड असला तर टर्मिनलमधून सत्तर-ऐंशी अँपिअर जातात. बोल्ट सैल आहे, वायरच्या टोकाच्या लगखाली पांढरी बुरशी चढली आहे आणि तिथे फक्त एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आहे, असं धरा. पन्नास-साठ वॉट उष्णता त्या एका बोल्टाखाली तयार होते. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॉटची असते. टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक वितळतं, शिसं बसतं, आणि निदान काय होतं? 'बॅटरी गेली.' नवीन बॅटरीला तीच बुरशी चढलेली लग, तोच पाना, तोच हात. ही उष्णता लोड चालू असताना आणि फक्त टोकांपाशी येते. चार्जिंगची उष्णता लोड नसताना आणि सगळ्या अंगाला येते. केव्हा, कुठे आणि कितींना, एवढे तीन प्रश्न विचारले तरी निम्मी कारणं गळून पडतात.

इथे आणखी एका फॅशनबद्दल. कोविडनंतर घराघरांत कपाळावर रोखायची थर्मामीटरची बंदूक आली. ती बॅटरीवर रोखून "३६.४ आहे, नॉर्मल!" असं सांगणारे पाहिले आहेत. ती बंदूक माणसासाठी आहे, माणसाच्या तापापलीकडचे आकडे ती धड दाखवत नाही. कारखान्यात वापरतात तसली घेतली तरी चकचकीत धातूच्या टर्मिनलवर ती कमीच दाखवते. त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून मग मोजावं लागतं. पण निदान मोजायची इच्छा तरी होती, हे मान्य करायला हवं.

खोली थंड करायला एसी लावा म्हणणाऱ्यांवर फार शाई घालवत नाही. खिडकी उघडा, जाळी लावा, बॅटऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवा, जमलं तर गच्चीवरून खाली सावलीत आणा, हे सगळं योग्यच आणि जवळजवळ फुकट. पण शॉर्ट झालेल्या सेलवर दीड टनाचा एसी सोडणं म्हणजे बिघाड झाकायला दरमहा बिल भरणं. शिवाय लाईट गेली की तो एसीही जातो.

'लिथियम घ्या, झंझट संपली' म्हणणारा वर्ग नवा आहे आणि त्याचा आत्मविश्वासही नवा आहे. लिथियम बॅटरी हलकी, लवकर भरणारी, जास्त टिकणारी, सगळं कबूल. आपल्याकडे यूपीएससाठी येणारा लिथियम आयर्न फॉस्फेटचा प्रकार इतर लिथियमपेक्षा सबुरीचा आहे, हेही कबूल. पण शिसं-आम्लाचा जुना चार्जर तसाच ठेवून त्याला लिथियम जोडणारे महाभाग याच शहरात आहेत. आणि 'बसवलं की विसरा' याचं काय होतं ते दक्षिण कोरियाला विचारा. १५ ऑक्टोबर २०२२ ला पांग्यो इथल्या डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली आणि तिथल्या घराघरांत वापरली जाणारी काकाओटॉक ही संदेशसेवा कोलमडली, पूर्ववत व्हायला दिवस लागले. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली, सरकारच्या सातशेहून जास्त संगणक प्रणाली बंद पडल्या. त्या बॅटऱ्या बसवून दहा वर्षं उलटून गेली होती. बॅटऱ्या बनवण्यात जगात पुढे असलेल्या देशाची ही गत. आमच्या पोटमाळ्यावरच्या यूपीएसने मात्र आपोआप शहाणं व्हायचं!

शेवटचा युक्तिवाद नेहमी हसत हसत येतो: "फुगते फार तर, आग थोडीच लागते?" तापलेली शिशाची बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते, आणि बंद कपाटात चार टक्के व्हायला फार वेळ लागत नाही. ठिणगी कोण देतं? बहुतेक वेळा आपणच. वास आला म्हणून घाईघाईने चार्जिंग चालू असतानाच टर्मिनल उपटणारा. आधी यूपीएसचा मेन स्विच बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, माणसांना लांब करायचं, बॅटरी निवू द्यायची, आणि मगच पाना हातात घ्यायचा. फुगून कपाटात अडकलेली बॅटरी पहारीने उचकटायची तर अजिबात नाही.

आणि हे कपाट असतं कुठे? जुन्या इमारतींत जिन्याखाली, मीटरच्या शेजारी, जुनी वर्तमानपत्रं, गणपतीच्या मखराचा थर्माकोल आणि कुणाची तरी मोडकी सायकल यांच्या सोबतीने. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळमजल्यावर लागलेल्या आगीने वरच्या मजल्यांवरची माणसं गेली. तिथे कारण बॅटरी नव्हतं. पण तळमजल्यावरचा धूर जिन्याने वर कसा जातो आणि सुटकेची वाट कशी बंद करतो, हे तिथे दिसलं. कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षेचा फॉर्म बी भरला जातो. लाल सिलिंडर पुसले जातात, नळ्या उलगडून दाखवल्या जातात, सह्या होतात. त्या सह्या करणाऱ्यांपैकी कितीजण जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडतात?

काढलेल्या बॅटरीचं पुढे काय होतं हा वेगळ्या लेखाचा विषय. एवढंच सांगतो की २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती भंगारात गेली तर आम्ल गटारात आणि शिसं कुणाच्या तरी पोरांच्या अंगात जातं. दोन वर्षांऐवजी पाच वर्षं टिकवली तर ही पापंही निम्म्याहून कमी होतात, हे 'बदला' म्हणणाऱ्यांच्या हिशेबात कुठेच नाही.

तापलेली बॅटरी बदलणं ही दुरुस्ती नाही. ज्याने ती तापली तो चार्जर, तो सैल बोल्ट, तो शॉर्ट सेल, ती कोंडलेली खोली जागच्या जागी ठेवून आपण पुढच्या बॅटरीची मुदत ठरवून येतो. मेकॅनिकला दोष देऊन भागणार नाही. आपण त्याला नवीन बॅटरीवरच्या कमिशनचे पैसे देतो, मोजण्याचे देत नाही, मग त्याने मोजावं कशाला? तेव्हा सोसायटीच्या कमिट्यांना, दवाखानेवाल्यांना, दुकानदारांना माझी एकच विनंती आहे. मोजणीचे वेगळे पैसे द्या, आणि प्रत्येक बॅटरीचं वेगळं व्होल्टेज, खोलीचं तापमान आणि तापण्याचं कारण लिहिलेलं नसेल, तर नव्या बॅटरीचं बिल मंजूर करू नका.